मंगळवारची बाटली

पहाटे साडेपाचला नाली सगळ्यात खरं बोलते.
तेव्हाच भरायची, असं नागपूरहून आलेल्या कागदात आहे:
लोक उठले, न्हाणीत पहिली गुळणी टाकली,
की तासाभरात.

पायात गमबूट, हातात दांड्याला बांधलेला मग,
खांद्यावर पोलिओ डोसाची जुनी निळी पेटी.
आरमोरीच्या बाजारामागं
तीन वॉर्डांचं पाणी एका नालीत पडतं.
तिथं बसते पुलाखाली.
थंडीत नालीतून वाफ निघते
भाताच्या गंजातून निघते तशी.

पहिल्या महिन्यात लोकांना वाटलं
मी मोहाची दारू शोधते.
दारूबंदीचा जिल्हा, त्यात बाईच्या हातात बाटली.
फुलवंता नैताम एका रात्रीत
भट्टी वैनगंगेपल्याड घेऊन गेली.
म्हटलं, मावशी, तुमचं काही नको मला,
मला सर्दी पाहिजे.
ती हसली. सर्दी? ते तं फुकट हाय वं,
कोणाच्याही घरून घे.

तेच तर. कोणाच्याही घरून.
मुख्याधिकाऱ्यांचं, नैताम मावशीचं,
लॉजवर उतरलेल्या धान व्यापाऱ्याचं,
आश्रमशाळेतल्या एकशे दहा पोरींचं,
अजून वेगळा पेला ठेवणाऱ्या घरांचंही
एकच गढूळ पाणी, पाचशे मिली.
इतकी सरमिसळ आमच्या गावात
लग्नाच्या पंगतीतही होत नाही.

किसनभाऊ समुद्रे, नाली उपसणारे,
माझ्याआधी एकतीस वर्षं इथं उभे आहेत.
जाळीत अडकलेलं ते फावड्यानं उलटं करतात:
अडुळशाचा चोथा, ओव्याची पुरचुंडी,
खोकल्याच्या औषधाची झाकणं,
आणि म्हणतात, आली वं बाई.
नागपूरची मशीन चार दिवसांनी तेच सांगते, आकड्यात.
एकदा मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं,
समुद्रे म्हणतात, आली.
साहेबांचा फोन आला:
हे समुद्रे कोणत्या लॅबचे?

यंदा धान निघालं, दिवाळी झाली,
मंडईची नाटकं सुरू झाली.
रात्रभर एका मंडपात हजार माणसं
एकदम हसली, एकदम रडली,
एकमेकांच्या खांद्यावर पेंगली.
पुढच्या मंगळवारच्या बाटलीत रेषा वर चढली.
ओपीडीत अजून कोणीच नव्हतं.
डॉक्टर मॅडम रिकाम्या बाकाकडे बघत म्हणाल्या,
खरंच का गं?
तरी त्यांनी आश्रमशाळेत फोन लावला.
वॉर्डनबाईंनी खाटा ओढून दूर केल्या, खिडक्या उघडल्या.
पोरी कुरकुरल्या, हिव लागते मॅडम.

अकरा दिवसांनी दवाखान्याची रांग गेटबाहेर.
आश्रमशाळेतून चारच.
चाराचे चाळीस झाले असते का, कोण सांगणार.
न झालेल्या खोकल्याचा आवाज येत नाही.

एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही.
त्या सोमवारी रात्री मला कणकण होती.
मंडईला मीही गेले होते, पुढच्या रांगेत.
कंत्राटी माणसाची सुटी म्हणजे रोजी कापली,
म्हणून दोन गोळ्या घेतल्या,
पहाटे न्हाणीत खाकरले, वर तांब्याभर पाणी ओतलं,
आणि बूट चढवून निघाले.
माझं घर पुलाच्या वरच्या अंगाला.
माझी न्हाणी माझ्याआधी इथं पोचते.

वाकून मग बुडवला.
नाली ओळखीची वाटली.
किसनभाऊ फावडं टेकवून बघत होते.
मी काहीतरी बोलले, आवाज बसलेला.
ते काही म्हणाले नाहीत.
खांद्यावरचा दुपट्टा काढला,
नाकातोंडावर बांधला,
एकतीस वर्षांत पहिल्यांदा,
एक पाऊल मागं सरले,
आणि मला झाकण लावता यावं म्हणून
तिथूनच हात लांब करून
बाटली धरली.