आधी बूड बघावं

भावानं व्हेराक्रूझ बंदरातून आणलेला चंबू
सोलापूर स्टेशनात उतरेपर्यंत कानाशी तडकला.
जहाजावर मोठमोठी इंजिनं सांभाळतो,
पण एक भांडं बांधायला येत नाही त्याला.
राखी अंगावर निळा ससा,
सशाभोवती फुलं, फुलांभोवती वेल,
आणि कुठं थांबावं ते वेलीला कळलेलं नाही.

जुन्या चादरीत गुंडाळून
मी तो कुंभार वेशीत निंगव्वाकडे नेला.
भोगी दोन दिवसांवर आलेली.
ओट्यावर, पायरीवर, गटाराच्या फरशीवरसुद्धा सुगडं,
आणि ती चुन्यात काडी बुडवून
एकेकाच्या पोटावर ठिपके देत बसलेली.
"अहो, पाच केवढ्याला?"
मी आधी तेच विचारलं.
साठ म्हणाली. मी पन्नास.
तिनं नुसती मान हलवली,
मला वाटलं, मी जिंकले.

मग चादर सोडली.
ससा बघून हरखेल, असा माझा अंदाज.
तिनं चंबू पालथा केला.
"आधी बूड बघावं.
तोंड गिऱ्हाइकासाठी असतंय.
माणूस खाली असतोय."

खाली अंगठा होता.
माती ओली असताना कुणीतरी धरलं होतं तिथं,
रेषा न् रेषा शाबूत.
निंगव्वानं त्यावर स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला.
बसला नाही. तिचा मोठा निघाला.
"पोरगं हाय," म्हणाली, "नायतर बारकी बाई."

आता कुठं सशाची पाळी.
"घडवणारा येगळा, रंगवणारी येगळी.
हिचा हात डावा. रेघ बघ की,
इकडनं जाड सुटतीया, तिकडं जाऊन मरतीया.
कुंचला गाढवाच्या केसाचा असंल."
दारात तिचं गाढव उभं होतं,
आपल्याविषयी चाललंय हे ठाऊक असल्यासारखं.
मी म्हटलं, मावशी, हे समुद्रापलीकडचं.
"मग? तिकडं गाढव नसतंय व्हय?"

तिचं बोट वेलीवरून चालत गेलं,
चुन्यानं पांढरं झालेलं, नखाशी चिरलेलं,
आणि एका फुलाशी अडलं.
सगळ्यांना पाकळ्या पाच, याला चार.
"इथं कुणीतरी हाक मारलीया हिला."
कुणी?
"पोर उठलं असंल. दूध उतू गेलं असंल.
नायतर गिऱ्हाईक."

"केवढ्याला पडला?"
दोनशे सांगत होती, दीडशेत सोडवला,
असं भावानं फोनवर हसत हसत सांगितलेलं.
मी पेसोचे रुपये करत राहिले,
बँकेत अठरा वर्षं काढलेली बाई,
बेरीज जमेना.
ती उत्तरासाठी थांबलीही नव्हती.

तडा मात्र तिनं नखानं दोनदा वाजवून ऐकला.
"भाजलेल्याला मातीत परत वाट नसतीया.
मेण भर, ज्वारी ठेव.
पाणी मागू नको त्याच्याकडं."

गड्ड्यावर पाळणे उभे राहत होते,
लोखंडाचा ठणठणाट वेशीपर्यंत येत होता.
"अक्षता आल्या की," ती म्हणाली,
"कुंभाराच्या पोरीचं लगीन,
साऱ्या सोलापूरला आवतण,
अन् कुंभार हितं गाडगी मोजतोय."
स्वतःच हसली, आणि पाच सुगडं
माझ्या चादरीत, चंबूला लागणार नाहीत अशी,
मध्ये कागद घालून बांधून दिली.
साठ दिले असते तर बरं झालं असतं,
हे मला सात रस्त्याला सिग्नलवर सुचलं.

घरी बोरं, हरभरा, उसाची कांडकी भरायच्या आधी
मी एकेक सुगड पालथं केलं.
चौघांचे ठिपके एकामागोमाग, मुंग्यांसारखे.
पाचव्याच्या गळ्याखालून ओळ नीट निघते,
पोटाला अर्धा वळसा घालते,
मग एक ठिपका लांबट, ओघळलेला,
पुढं बोटभर कोरी माती,
आणि पुन्हा ओळ.

त्या कोऱ्या जागेत कोण बोललं
ते मला विचारावं लागलं नाही.
"अहो, पाच केवढ्याला?"