कलम सात

कुपवाड एमआयडीसीत, शेड नंबर तीनच्या वर
साहेबांनी जिम काढली.
चावी माझ्याकडं, कारण कार्डं माझ्याकडं,
कारण उद्या कुणाची पाठ लचकली
तर कागदही माझ्याकडंच मागणार.

फॉर्म मीच टाईप केला.
"मी स्वखुशीने व्यायाम करीत आहे.
मला इजा, अपंगत्व अथवा"
इथं चहा आला. तो पिऊन पुढचा शब्द लिहिला.
एकशे बारा सह्या आल्या, वाचलं कुणीच नाही.
डिस्पॅचच्या शिकलगारनं तेवढं विचारलं,
"स्वखुशीनं म्हंजे रविवारी पण का, मॅडम?"

हिरवं कार्ड कायम कामगारांचं. दार टुं करून उघडतं.
पिवळं कार्ड ठेक्यावरच्यांचं. दार गप्प.
कलम सात.

बिरू मासुगडेचं कार्ड पिवळं.
फेटलिंगला असतो. अडतीस किलोचं हाउसिंग
उचलतो, फिरवतो, ठेवतो,
सुटी होईस्तोवर परत उचलतो.
त्याचा फॉर्म नाही.
मी दोन्ही कपाटं उलटून बघितली,
तसल्या उचलण्याचा फॉर्मच नाही.

सुटी झाली की जिम झाडायला तोच येतो,
शंभर रुपये जादा.
झाडायला कार्ड लागत नाही, मी दार उघडून देते.

परवा कॅमेऱ्यात दिसला.
फरशी पुसून झालेली, ओलं फडकं खांद्यावर.
डंबेलच्या रांगेपुढं उकिडवा बसला.
हात नाही लावला.
रबरी चटईला बोटं टेकवून कपाळाला लावली,
माती असल्यासारखी,
आणि जोर काढायला लागला.
मी मोजत गेले. एकशे साठनंतर चुकले.

"तुला काही झालं असतं म्हणजे?"
दुसऱ्या दिवशी मी कडक आवाजात.
तो फडकं पिळत राहिला.
"तालमीत वस्ताद एवढंच विचारायचे, मॅडम,
जेवलास का.
नाही म्हटलं की हाकलून द्यायचे, आधी जेवून ये म्हणून."

सेफ्टीच्या आवटी साहेबांना कळवायला पाहिजे होतं.
कळवलं नाही.
कॅमेरा तीस दिवसांनी आपोआप विसरतो,
रजिस्टर विसरत नाही.
त्यात लिहिलं :
मासुगडे. सहा चाळीस ते सात पंचवीस. सफाई.
शेवटचा रकाना, जबाबदार व्यक्ती, रोज कोरा असतो.
तिथं सही केली. वाचता येईल अशी.

झाडायला पाऊण तास कसा लागतो,
ऑडिटला विचारतीलच.
फरशी मोठी आहे, म्हणीन.
आणि त्याला विचारीन, जेवलास का.