जिभेचा रकाना

वही माझ्याकडे, कारण माझं अक्षर बरं.
दुसरं काही कारण नाही.
चांगुणाला माझ्यापेक्षा जास्त कळतं,
पण पेन धरला की तिच्या तळव्याला घाम फुटतो,
आणि एस्टेला लिहिते ते तिचं तिलाच लागत नाही.

गोराईच्या खाजणात आमचे बावीस वाफे.
संध्याकाळी खाडीपलीकडे
बोरिवलीचे मजले एकेक करून उजळतात.
इकडे बांबूला पत्रा, पत्र्यावर आकडा:
सातव्यात राता, तेराव्यात सरकारी वाण,
नवव्यात एस्टेलाच्या सासूच्या कणगीतलं
नाव विसरलेलं बी.

संस्थेच्या बाईंनी छापील तक्ता दिला.
तारीख. वाफा. यंत्राचा आकडा. शेरा.
यंत्र चिखलात खुपसायचं आणि थांबायचं;
आकडा थरथरतो, उठतो, फिरतो,
मग बसतो, खुडूक कोंबडीसारखा.

चांगुणा थांबत नाही.
बोटभर चिखल जिभेवर, डोळे मिटून, मग थुंकून:
"परवापेक्षा कमी हाय.
पन ह्यो खार खालून येतंय, वरून नाय."
यंत्राला खालून-वरून ठाऊक नाही.
म्हणून मी पट्टी घेतली,
शेऱ्याच्या अलीकडे एक रेघ ओढली
आणि माथ्यावर लिहिलं: जीभ.

बाई हसल्या.
अठरापैकी पंधरा वेळा दोन्ही रकाने जुळले
तेव्हा हसायच्या थांबल्या.
उरलेल्या तीन वेळी चुकलं कोण,
यावर अजून भांडण आहे.

उघाडीची किल्ली मात्र जोमाशेठकडे.
फळ्या कधी घालायच्या, कधी काढायच्या
हे देवळाच्या ओट्यावर ठरतं.
तिथे आम्ही चहा घेऊन जातो
आणि कप घेऊन येतो.

भाद्रपदातल्या अवसेला उधाण आलं
तेव्हा शेठ उत्तनला, साखरपुड्यात.
फळ्या बाहेर, कुलपात.
एस्टेलाने कुलूप तोडलं. कशाने, ते वहीत नाही.
आम्ही सात जणी, लुगडी खोचून, कमरेएवढ्या पाण्यात
फळीमागे फळी, फटीत पेंढा, पेंढ्यावर चिखल.
समोर कोणाच्या तरी दहाव्या मजल्यावर
टीव्हीचा निळा उजेड हलत होता.

बैठकीत कुलपाचे पैसे मागितले.
एकशे ऐंशी.
दिले. पावती मागितली.
पावती कुणाच्या नावाने फाडायची
यावर ओटा बराच वेळ गप्प होता.
नवं कुलूप आणायला चांगुणाच गेली,
बाजार तिच्याच वाटेवर म्हणून.
दुकानदाराने दोन किल्ल्या दिल्या.
एक तिने शेठना दिली.
दुसरीचं कुणी विचारलं नाही.

कापणीला पुरुषांनी पेंढा तोलला.
आम्ही वाफ्यावाफ्याचे मूठभर दाणे शिजवले.
पेज धरते का, कणी किती पडते,
पोर दुसऱ्यांदा मागतं का.
सरकारी वाण रात्याच्या दीडपट भरला.
तो आकडा लिहिताना हात जड झाला, पण लिहिला.
त्याची पेज पाण्यासारखी होती,
तेही लिहिलं, थोडं ठळक.

अहवालासाठी शेतकऱ्यांची नावं हवी होती.
सातबारे काढले.
बाईचं नाव दोनांवर.
एक वारली आहे.
दुसरी मी, आणि तेही नवरा गेल्यावर.
लावणी, बेणणी, राखण, कुलूप, जीभ
यांना त्या कागदावर जागा नाही.
मी अहवालाच्या पाठकोऱ्या बाजूला बावीस नावं लिहिली.
छापतील की नाही, माहीत नाही.

काल बाईंचा फोन आला:
यंत्राच्या आकड्याला एकक असतं,
जिभेच्या रकान्याला काय लिहू?
मी बांधावरून ओरडून विचारलं.
चांगुणाने हात वर केला, थांब म्हणून,
गाल हलवत म्हणाली,
"आजून नववा तोंडात हाय."