दोन बोटं माया

माझ्या वहीत प्रत्येकीच्या दंडाला एकच आकडा असायचा.
छाती, कंबर, गळा पुढून, गळा मागून,
दंडघेर एक.
डावा-उजवा असा भेद
सव्वीस वर्षांत कुणाच्या हातात केला नव्हता.

आता माझ्या नावापुढे दोन आहेत.
मालन आवटी, खणभाग, सांगली :
डावा साडेदहा,
उजवा तेरा, कधी साडेतेरा,
लग्नसराईत चौदा.

मिरजेला दवाखान्यात रुबीना मुजावर
टेप काढते, तेव्हा मला हसू येतं.
तीच पिवळी टेप, टोकाला तेच पितळी पान.
मनगटापासून वर, दर चार बोटांवर
पेनानं बारीक खूण करते,
जशी मी कापडावर खडूनं.
ती सेंटिमीटर सांगते, मी मनात इंच करून घेते.
"टेप फार आवळतेस गं," म्हटलं एकदा,
"गिऱ्हाईक परत यायचं नाही."
"तुम्हाला यायलाच लागणार, मावशी."

छातीतली गाठ गेली त्याला चार वर्षं झाली.
तिच्याबरोबर काखेतल्या बारा गेल्या.
तीन नासक्या, नऊ चांगल्या.
सुक्याबरोबर ओलंही जळतं.
मग पंचवीस दिवस शेक.
सगळे म्हणाले, सुटलीस.
सुटलेच की. केस आले, तेही कुरळे आले.
हाताचं मात्र तिसऱ्या वर्षी कळलं,
संक्रांतीच्या बांगड्या चढेनात तेव्हा.

नदीकाठच्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही.
वाट बुजली की पाणी
जागा मिळेल तिथं बसतं.
पावसाळ्यात आमच्या गावात तब्येत कोण विचारतंय,
विचारतात, आयर्विनला किती फूट?
आमच्या घरात बाराही महिने.
हे दारात चप्पल काढता काढता :
"आज पाणी किती?"
मी दंडावर बोट दाबते.
खळगा भरेपर्यंत दोघं मोजतो.
एक, दोन, तीन,
पाचाच्या आत भरला तर आज झोप.

दिवसभर हळदीच्या अडतीत यांची तोलाई.
रात्री पट्टी बांधतात, बोटांपासून सुरुवात,
आधीच्या वळशाचं अर्धं झाकत,
ढिली नाही, करकचून नाही.
हे शिकायला दोन महिने लागले
आणि माझ्या तीन शिव्या.
पांढरी पट्टी आठवड्यात पिवळी होते.
रुबीना विचारते, हळदीचा लेप लावता का?
मी हो म्हणून मोकळी होते.

सुई टोचून घेऊ नका, असं सांगितलंय.
शिंपिणीला.

हात जड आहे, खोटं कशाला बोलू.
दुपारी मशीनवर बसले की वाटतं
कुणी बाई आपला हात
जरा धर म्हणून माझ्या मांडीवर ठेवून गेली
आणि परत न्यायला आलीच नाही.

परवा बुधगावची एक आली, तिशी-बत्तिशीची.
भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज हवा म्हणाली.
मापाला आणलेला जुना
डाव्या बाहीला काखेपर्यंत उसवलेला.
"धुतल्यावर आटला," म्हणाली.
एकच बाही आटली होती.
मी काही बोलले नाही. टेप घेतली,
तिच्या मनगटापासून वर
दर चार बोटांवर खडूची खूण करत गेले.
ती बघत राहिली.
"असं तर मिरजेत मोजतात," हळूच म्हणाली.
मी पदर खांद्यावरून सरकवला.
माझी ती कातडीच्या रंगाची घट्ट बाही
तिनं बोटानं चाचपून पाहिली,
कापड पारखावं तशी.

वहीत तिच्या नावापुढे दोन आकडे लिहिले.
डाव्या शिवणीत नेहमीपेक्षा
दोन बोटं माया जास्त,
वर नुसती कच्ची टीप.
चढलं तर उसव, उतरलं तर घाल.

"कधी मिळेल?"
"गुरुवारी. घालून बघायला इथंच ये.
आत आरसा आहे,
दाराला कडी आहे."