तिसरा गोळा

धुळ्याच्या सिव्हिलमधून घरी आले तेव्हा
पिशवीत गोळ्यांच्या पट्ट्या, स्टीलचा डबा
आणि ते प्लॅस्टिकचं खेळणं,
तीन नळ्या, तीन रंगीत गोळे,
तोंडात धरायला एक वाकडी नळी.
नातू म्हणाला, आजी, हे माझं?

नाही रे बाबा. हे माझं.

दिवसातून चारदा, दर वेळी दहा.
फुंकायचं नाही, ओढायचं.
सिस्टर तीन वेळा ओरडली माझ्यावर.
मी फुंकतच होते. मला दुसरं येतं काय?
बत्तीस वर्षं अमळनेरात लग्नाघरी मांडे केले,
खापर पालथं, खाली पऱ्हाट्या,
हाताशी लोखंडी फुंकणी.
जेवढा श्वास होता तेवढा चुलीला दिला,
उरला तो खोकल्याला.
पोरी, म्हटलं, आम्हाला शिकवलंय
धूर आला की श्वास धरायचा.
आत ओढ, असं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

एक्स-रेत उजवीकडे खाली पांढरं दिसलं.
डॉक्टर म्हणाला, न्यूमोनिया.
मला वाटलं, पीठ चाळताना
परातीच्या कडेला साचतं तसं असेल,
झटकलं की जाईल.
नऊ दिवस लागले झटकायला.
ताप चढला की वॉर्डाची पंगत व्हायची,
मी अंधाराला सांगायची,
बसा, उठू नका, एक घाणा राहिलाय.

शेजारच्या खाटेवर भुरीबाई, धडगावकडची.
तिची माझी भाषा अर्धीच जुळायची.
ऑक्सिजनच्या बाटलीतले बुडबुडे दाखवून
ती हाताने खूण करायची, भात शिजतोय.
आम्ही हसायचो. हसलं की बरगडीत सुई.
आठव्या दिवशी उठून बघते तर
तिची गादी गुंडाळलेली.
घरी गेली की कसं,
मी सिस्टरला विचारलं नाही.
अजून विचारलेलं नाही.

आता पाडवा होऊन गेला.
सकाळी ओट्यावर बसते.
समोरच्या गच्चीवर बिबड्या वाळतात.
येणारा जाणारा विचारतो, आते कसं वाटस माय?
बरं शे.
तेवढ्यातच दम संपतो, म्हणून तेवढंच.
गल्लीला वाटतं, म्हातारी शहाणी झाली, कमी बोलते.

मोरीपर्यंत सतरा पावलं.
परवा मध्ये भिंत धरली होती, काल नाही.
कळण्याची भाकरी पाऊण गेली,
ठेचा मात्र योगिता देत नाही.
ती आत गॅसवर पोळ्या करते,
मी इथून आवाजावरून ओळखते
कुठली फुगली, कुठली रुसली.

काल दुपारी घरात कुणी नव्हतं.
कणकेतला लिंबाएवढा गोळा घेतला,
पुरण नाही, काही नाही,
नुसता हातावर टाकला.
मनगटावरून कोपराकडे वाढत गेला,
पातळ झाला, खिडकी आरपार दिसायला लागली,
तो दवाखान्यातला फोटो दिसतो तशी.
मग हात थरथरला आणि फाटला.
फाटका मांडा पंगतीत जात नाही.
तो परत मळून ठेवला,
योगिताला कळलं नाही. कळलं असेल.

संध्याकाळी धुडकू आचारी येऊन गेला.
अखाजीले येशी का? एकवीस किलोनं काम शे.
सांगते, म्हटलं.
तो गेल्यावर कोनाड्यातली फुंकणी काढली,
राख झटकली, डोळ्याला लावली.
अंगण रुपयाएवढं.
त्यात एक कोंबडी आली नि गेली.
ठेवून दिली.

मग खेळणं घेतलं.
पहिला गोळा उडाला.
दुसरा लटपटत चढला, वर टेकला.
तिसरा तळाशी, रुसलेल्या जावयासारखा.
ओढलं. अजून ओढलं.
हलला का रे?
हलला, नातू म्हणतो.
त्याचं काय खरं धरायचं,
त्याला ते खेळणं हवंय.

अखाजीला अजून सत्तावीस दिवस आहेत.