मराठी रांग

खराडीत, सातव्या मजल्यावर, रात्री अकरा ते आठ
मी लोकांची उघडी अंगं बघते.
आईला सांगितलंय, डेटा तपासते.
तेही खोटं नाही.

एका फोटोला सात सेकंद.
नियमांच्या पुस्तकात शब्द एकच : नग्नता.
आमच्याकडे तान्हं नागडं असतं,
नळावर अंघोळ करणारा बाप उघडा असतो,
मुनी दिगंबर,
आणि विवस्त्र ती, जिची पेपरात बातमी येते.
प्रशिक्षणात मी हे बोलूनही दाखवलं.
छान निरीक्षण, म्हणाले,
आणि पुढची स्लाइड लावली.

मशीनला मराठी नीट वाचता येत नाही,
म्हणून खाली मराठी असलं की फोटो माझ्या रांगेत येतो.
काल तालमीतले पैलवान आले, लंगोटातले, तांबड्या मातीनं माखलेले.
मशीनला ती सगळी कातडीच वाटली, हौद्यातली मातीसुद्धा.
सोडले.
कुणा पोरानं कोळशानं काढलेली म्हातारी आली,
स्टुलावर बसलेली, पोटाच्या वळ्या मांडीवर विसावलेल्या.
चित्र चालतं, फोटो चालत नाही.
पोराचा हात इतका चांगला
की मशीननं तिला जिवंत धरलं.
सोडली.
असं बक्षीस आपल्याला मिळून गेलं,
हे त्याला कोण सांगणार.

मग तीन वाजून दहा मिनिटांनी ती आली.

न्हाणीघर. हिरवी बादली, कडेला अडकवलेला मग,
दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं मोजलेली कुणाची तरी उंची.
बाई पन्नाशीची. केस नुकते उगवू लागलेले, गव्हाच्या तृणासारखे.
उजवीकडे काही नाही,
फक्त एक तिरकी शिवण,
घाईत घातलेल्या टिपेसारखी.
डावीकडे आहे ते आहे.
खाली लिहिलेलं :
टाके निघाले. आता बघा.

व्रण चालतो. नियम चौदा.
स्तनाग्र चालत नाही. नियम नऊ.
म्हणजे तिची गेलेली बाजू नियमात बसत होती,
राहिलेली बसत नव्हती.

मी उपेंद्रला हाक मारली.
तो चहाचा कागदी कप घेऊन आला, बघितलं,
आणि नजर माझ्या कीबोर्डवर नेऊन ठेवली.
अर्धा ठेवायची सोय नाही गं, म्हणाला.
सात सेकंद केव्हाच होऊन गेले होते.

मी ठेवला.
कारण विचारतात त्या चौकोनात लिहिलं :
बघा म्हणालीये.

पाचला गुणवत्तावाल्यांनी निर्णय फिरवला.
माझ्या नावावर एक चूक,
अठ्ठ्याण्णवचे सत्त्याण्णव पूर्णांक सहा.
तिला निरोप गेला असेल, आपोआप,
आपल्या सर्वांच्या सुरक्षिततेसाठी वगैरे.
तेवढं मराठी मशीनला येतं.

कॅब मुंढव्याच्या पुलावर आली तेव्हा
नदी जलपर्णीखाली झाकलेली होती,
या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठेही पाणी दिसू न देता.

घरी बाल्कनीत वहिनी पाय पसरून बसलेली,
पायांवर शर्वी, चार महिन्यांची, तेलानं चमकणारी,
कोवळ्या उन्हात लाथा झाडत,
सगळीकडे वेखंडाचा वास.
थांब, हिचा एक काढतो, दादा म्हणाला
आणि फोन वर धरला.

माझा हात माझ्याआधी गेला.
फोनसमोर अख्खा तळवा.

दादा हसला, रात्रपाळी डोक्यात गेली म्हणाला.
वहिनी नाही हसली.
तिनं बाजूचा पंचा ओढून पोरीवर टाकला,
न बोलता, माझ्याकडे बघत.

काल या वेळेला शर्वी
नुसती नागडी होती.

अंघोळीला गेले. आमची बादलीही हिरवीच आहे.
इतक्या वर्षांत
कधी नीट बघितली नव्हती.