कनकीच्या शेवया

धरमकाट्यावर मी चौदा वर्षं धान तोलतो.
ट्रक भरलेला येतो, रिकामा जातो,
मधला फरक मी लिहितो.
कशातून काय वजा झालं
ते मला जरा लवकर दिसतं, एवढंच.

परवाच्या उन्हाळ्यात मिलमध्ये मशीन आलं,
डागी दाणा पाहून फुंकरीने उडवणारं.
मशीनसोबत एक माणूस आला, नोंग नावाचा.
पंधरा दिवस तो आमच्या वरणभाताकडे पाहायचा
जसं परीक्षेतलं पोर घड्याळाकडे.
मग एका दुपारी, भुशाच्या ढिगामागे,
त्याला रायवंताबाईचा डबा दिसला.
डब्यात बोडीतले घोंगे, आंबवलेले वास्ते.
तो उकिडवा बसला, वास घेतला
आणि रडायला लागला.
हमाल म्हणाले, तिखट लागलं असेल.
त्याने अजून खाल्लंच नव्हतं.

भाषा नव्हतीच. त्याच्या फोनमध्ये एक बाई बोलायची,
तिला झाडीतलं एक अक्षर कळत नव्हतं.
रायवंता म्हणायची घोंगे,
फोन म्हणायचा भलतंच काही,
आणि नोंग म्हणायचा, हो हो.
कनकी घेतली, जी आम्ही कोंबड्यांच्या भावात तोलतो.
भिजवली, आंबवली, वाटली.
तेलाच्या रिकाम्या डब्याला खिळ्याने भोकं पाडली.
उकळत्या पाण्यात पांढऱ्या दोऱ्या उतरत गेल्या,
न तुटता.
तुटक्या तांदळाच्या, तरी न तुटता.

नोंग गेला. खिळ्याचा डबा राहिला.

आता दिघोरीच्या फाट्यावर टिनाचं शेड आहे.
'न्यू चायना राईस सूप सेंटर, प्रो. रायवंता नान्हे.'
पेंटरने ड्रॅगन काढलाय,
घोरपडीला पोलीसपाटलाच्या मिशा लावल्यासारखा.
दुकान दिसायच्या आधी वास येतो.
तोच वास, ज्याच्यासाठी आम्ही ढिवरटोलीवरून जाताना
श्वास धरून सायकल मारायचो.
आता साकोलीहून पोरं येतात, मोटरसायकलीवर तिघं तिघं.
ग्रामसेवक येतो. गुरुजी येतात, मागच्या बाकावर बसतात.
बोटभर लांब घोंग्यातून मांस ओढताना
सगळे एकमेकांना सांगतात,
अस्सल चायना आहे भाऊ.
रायवंता ऐकते, पळी फिरवते. दर वाढवते.

चौथीपर्यंत ती माझ्या वर्गात होती.
एकदा तिच्या अंगणात घोंगे खाऊन मी घरी आलो,
तर आईने मला विहिरीवर उभं केलं
आणि तीन बादल्या ओतल्या डोक्यावर.
पौष महिना होता.
मी मोजल्या होत्या. मोजायची सवय तेव्हापासूनची.

गेल्या मंगळवारी आईचे उरलेले सहा दात काढले लाखांदूरला.
डॉक्टर म्हणाले, आठ दिवस पातळच द्या.
परतताना फाट्यावर ती म्हणाली, भूक लागली,
आणि मी काही बोलायच्या आत उतरली, बाकावर बसली.
बोर्ड तिला वाचता येत नाही.
वास तर येत असणार.

"चायनाचा आहे का वो बाई?"

काट्यावर ट्रक चढला की आकडा आधी थरथरतो.
स्थिर होईपर्यंत मी पेन उचलत नाही.

रायवंता म्हणाली, "शेवया चायनाच्या जी.
घोंगे आपल्याच बोडीचे होत."

आई वाडग्याकडे पाहत राहिली.
बाहेरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचं गाणंही पुरतं लांब गेलं.
मग तिने एक शेवई उचलली, बोटांनीच.
दात नाहीत, तोडणार कशी?
ती सगळीच्या सगळी आत गेली, मोठ्ठा आवाज करत,
आणि हनुवटीवर लाल थेंब राहिला.
दुसरी. तिसरी. मी मोजणं सोडलं.

"मीठ कमी पडला," आई म्हणाली.

रायवंताने बरणी पुढे केली.
आईने हात लांबवला.
दोघींची बोटं एकमेकींना लागली की नाही,
वाफ फार होती,
मला दिसलं नाही.